गाऱ्हाणं घालणारा माणूस

मी लेखक कसा झालो, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. विचारलं तर उत्तर तयार आहे: बहारीनच्या नईम भागातल्या एका खोलीत, कपाटाचं दार उघडून.

त्या खोलीत आम्ही सहाजण राहायचो. सगळे कुडाळ-मालवणच्या आजूबाजूचे. कोणी एसीची कामं करणारा, कोणी सुतार, कोणी ड्रायव्हर. मी एका मेंटेनन्स कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर. भिंतीला खिळा मारायला घरमालकाची परवानगी नव्हती, म्हणून ग्रामदेवतेची तसबीर कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. शुक्रवारी सुट्टी. संध्याकाळी पाच वाजता गाद्या उभ्या करून भिंतीला टेकवायच्या, कपाटातले शर्ट एका बाजूला सारायचे, दार सताड उघडायचं, की झालं देऊळ. सनदहून, हमद टाउनहून आमच्याकडची माणसं यायची. पखवाजावर टॉवेल टाकून भजन चालायचं, कारण खालच्या मजल्यावर एक म्हातारं जोडपं होतं आणि त्यांनी कधीच तक्रार केली नव्हती. अशा माणसांना जास्त जपावं लागतं.

भजन संपलं की गाऱ्हाणं. घाटावरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्या तळकोकणात देवापुढे नुसते हात जोडून भागत नाही. कोणीतरी उभं राहून सगळ्यांच्या वतीने देवाशी मोठ्याने बोलावं लागतं. अमक्याचं काम होऊ दे, तमक्याची अडचण दूर कर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेली माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या ‘व्हय’मुळे एकट्याचं मागणं सगळ्यांचं होतं. ‘व्हय’ आला नाही तर गाऱ्हाणं देवापर्यंत गेलं असं आम्ही धरत नाही.

आमच्यात गाऱ्हाणं घालणारे एक वयस्क सुतार होते. ते कायमचे गावी गेले आणि जागा रिकामी झाली. तेव्हा खोलीतल्या ड्रायव्हरने मला पाठीत ढकललं. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, खाडीपलीकडच्या गावचा. मी त्याला दादा म्हणायचो. मला इथे आल्यावर पहिला महिना त्यानेच जेवायला घातलं होतं आणि सीपीआर कार्ड, म्हणजे इथलं ओळखपत्र, काढायला स्वतःची सुट्टी मोडून माझ्याबरोबर रांगेत उभा राहिला होता. तो म्हणाला, “झिला, तुझी जीभ चलता. तू घाल.”

घातलं. पहिल्यांदा दोनदा अडखळलो, तिसऱ्या शुक्रवारी मजा वाटायला लागली.

या कामाची एक पद्धत असते. ज्याला काही मागायचं असेल तो भजनाआधी तुम्हाला जिन्यावर बोलावतो. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्याच्या वळणावर पिण्याच्या पाण्याचा कूलर होता, तिथे. एकाची व्हिसाची मुदत संपत आलेली, एकाच्या बायकोचे दिवस भरलेले, एकाच्या भावाने घराच्या वाटणीवरून बोलणं टाकलेलं. तो पाण्याचा ग्लास भरत भरत सगळं सांगून टाकतो. मग वर जाऊन तुम्ही देवाला सांगता, पण झाकून. “ह्या तुझा लेकरू. त्येच्या मनात जी काय गाठ आसा, ती तुका ठावक. ती सोड रे म्हाराजा.” बस, एवढंच. माणसांना काही कळत नाही आणि देवाला सगळं कळतं, अशा बेताने बोलायचं. मला ते जमायचं. तीस माणसांच्या तीस गाठी माझ्या पोटात असायच्या आणि रविवारी गोदामात गॅस्केट आणि फिल्टर मोजताना त्या मला सोबत करायच्या.

लग्न झालं, काही वर्षांनी फॅमिली व्हिसा झाला, सनदला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. बायको साताऱ्याकडची. ती एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली. दवाखान्याची ड्यूटी दोन तुकड्यांत: सकाळी नऊ ते एक, मग चार ते आठ. मी सकाळी सहाला घर सोडतो आणि साडेचारला येतो. म्हणजे मी घरात पाऊल टाकतो तेव्हा ती नुकतीच गेलेली असते. तिच्या चहाचा कप सिंकमध्ये अजून कोमट असतो. मुलगी तिच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते. “जेवलीस का?” “येस बाबा.” “शाळेत काय झालं?” “नथिंग.” तिचा राग नसतो, लोभही दिसत नाही. मग मी डायनिंग टेबलापाशी बसतो आणि घरात तीन माणसं राहतात याची आठवण ठेवायचा प्रयत्न करतो.

लिहायला मी या टेबलावर नव्हे, गोदामात लागलो. साइटवरचा माणूस सामान घ्यायला आला की आम्ही स्लिप फाडतो. पांढरी त्याला, गुलाबी ऑफिसला, पिवळी आमच्याकडे. पिवळ्या कॉपीची मागची बाजू कोरी. दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात मी त्यावर लिहायचो. एका स्लिपवर सात-आठ वाक्यं मावतात. त्यामुळे माझे परिच्छेद अजूनही तेवढेच होतात, काही केल्या वाढत नाहीत. बायकोला एकदा पॅंटच्या खिशात अकरा पिवळ्या स्लिपा सापडल्या. तिने त्या धुण्याआधी काढल्या, क्रमाने लावल्या, वाचल्या आणि म्हणाली, “अहो, ही बाई पुढे काय करते?” मी खूश झालो. “मलाही माहीत नाही,” म्हणालो. ती म्हणाली, “मग शनिवारी गॅसवाल्याला फोन करायचं तरी लक्षात ठेवा.”

वेळ कुठून काढायचा, हा लिहिणाऱ्या सगळ्यांचा रडगाण्याचा विषय आहे आणि मीही त्यात मागे नव्हतो. शुक्रवारी सकाळी मुलीचं पोहणं. दुपारी आठवड्याची खरेदी. पाच वाजता भजन. शनिवारी बायकोची अर्धी सुट्टी, म्हणजे तिच्याबरोबर कुठेतरी जायला हवं. मी पोहण्याच्या तलावाबाहेर गाडीत बसून लिहायचो, एसी चालू ठेवून. कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या दारात, बायको आत कोथिंबीर निवडत असताना लिहायचो. मनातल्या मनात सगळ्यांवर चिडायचो, की या माणसांमुळे माझा लेखक मागे पडतोय. आता तेव्हाचा तो मी आठवला की हसू येतं, पण ते फार टिकत नाही.

पहिली कथा आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या दिवाळी अंकात छापून आली. अंक इथे आला तो सुट्टीवरून परतणाऱ्या आमच्यातल्या एका एसीवाल्याच्या बॅगेतून. कोकमं आणि सुकटीच्या पुड्यांमध्ये दाबलेला, त्यामुळे माझ्या पहिल्या छापील पानाला सुकटीचा वास होता. मुलीने माझं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. “बाबा, दॅट्स यू,” म्हणाली आणि पुन्हा खोलीत गेली. त्या दिवशी मी आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ दाढी केली.

छापून आलं की माणूस बिघडतो. निदान मी बिघडलो. आपली वाक्यं चांगली असतात, हे कळल्यावर ती चारचौघांत म्हणावीशी वाटायला लागली, आणि माझ्या हातात चारचौघे होते ते फक्त शुक्रवारी. मी गाऱ्हाणं आधीपासून लिहून काढायला लागलो. पूर्वी जे तोंडाला येईल ते बोलायचो. आता पिवळ्या स्लिपांवर तीन-तीन खर्डे व्हायचे. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. लोकांना आवडलं. कोणीतरी फोनवर रेकॉर्ड करून गावी पाठवलं, तिकडे कोणाची तरी आई ऐकून रडली म्हणे. माझी छाती फुगली. नुसतं ‘मनातली गाठ’ म्हणणं मला आता फिकं वाटू लागलं. मग मी थोडं थोडं उघड करू लागलो. नाव नाही घ्यायचं, पण चित्र असं उभं करायचं की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. ज्याचं गाऱ्हाणं असायचं तो मान खाली घालायचा. मला वाटायचं तो भारावलाय.

मे महिन्याचे शेवटचे दिवस होते. शाळांना सुट्ट्या लागल्या की बायकामुलं गावी जातात, म्हणून त्याआधीचं भजन आम्ही दरवर्षी कुटुंबांसकट करतो. त्या वर्षी ते माझ्याकडे सनदला होतं. आदल्या दिवशी दादा गोदामात आला. सामान घ्यायला नव्हे. या वेळी भजन सनदला, म्हणजे नईमचा तो जिना नव्हता, म्हणून कामावरून दुसऱ्या कोणाच्या पिकअपमधून मुद्दाम आला होता. तो तेव्हा चाळीस कामगारांची बस चालवत होता. सकाळी हमद टाउनच्या साइटवर सोडायचं, संध्याकाळी आणायचं. रॅकच्या मागे, फिल्टरच्या खोक्यांपाशी उभा राहून तो हळू आवाजात बोलला.

“झिला, बोर्ड वाचूक येनत नाय आता. सांजच्या टायमाक तर सगळा पुसल्यासारख्या दिसता. राउंडअबाउट मोजीत जातंय. सातव्याक उजवीकडे. परवा मोजणी चुकली. नवव्यापर्यंत गेलंय. माणसा मागसून बोलाक लागली, खंय नेतंस म्हणान.”

मी म्हणालो, “दादा, डॉक्टराक दाखवलात?”

“दाखवलंय गावाक. साखरेन झाला म्हणता. इलाज करूया म्हणता, पण टायम लागतलो. दोन वर्सा काढूची आसत माका. चेडवाचा लगीन झाला की खलास, मी जातंय.” मग तो माझ्या हाताला धरून म्हणाला, “कोणाक सांगा नको. देवाक सांग फकस्त.”

तो गेला आणि मी लगेच पेन काढलं. हे मी लपवणार नाही. त्याला पिकअपपर्यंत सोडायलाही गेलो नाही. राउंडअबाउट मोजत जाणारा आंधळा होत चाललेला ड्रायव्हर, मागे पेंगणारी चाळीस माणसं. इतकं चांगलं मला कोणी कधी दिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत एका वाक्यावर घासत बसलो.

शुक्रवारी हॉल भरला. सोफा गॅलरीत काढून ठेवला होता. बायकोने खटखटे लाडू आणि उसळ केली होती, मालवणी माणसांत साताऱ्याची उसळ, त्यावरून चेष्टाही झाली. मी मुलीला सांगून ठेवलं होतं, गाऱ्हाणं सुरू झालं की व्हिडिओ काढ. भजन छान रंगलं. मग मी उभा राहिलो. सुरुवातीची चार वाक्यं झाली, चार वेळा ‘व्हय म्हाराजा’ दणक्यात आला. मग मी आवाज खाली आणला.

“रस्त्यावरचे बोर्ड ज्येका दिसनत नाय, जो हमद टाउनचे राउंडअबाउट मोजीत मोजीत चाळीस माणसांची गाडी हाकता, त्येच्या डोळ्यांत तूच दिवो होवन रव रे म्हाराजा.”

‘व्हय’ आला नाही.

मला वाटलं, भारावून थांबलेत. मी हात जोडून वाट पाहिली. एसीचा आवाज येत होता. मग मी डोळे उघडले. सगळे दादाकडे बघत होते, आणि दादा माझ्याकडे. त्या हॉलमध्ये चाळीस माणसांची बस हमद टाउनला नेणारा एकच माणूस होता. आणि दारापाशी, बायकोसकट पहिल्यांदाच आलेला, देवगडचा एक गृहस्थ बसला होता. तो दादाच्याच कंपनीत ट्रान्सपोर्ट सेक्शनला होता. मी स्वतःच त्याला फोन करून बोलावलं होतं, माझं गाऱ्हाणं ऐकायला.

मी पुढची वाक्यं कशीतरी उरकली. जेवणं झाली. दादाने पान पूर्ण जेवून उचललं, बायकोला “उसळ बरी झाली हां, वहिनी” म्हणाला आणि सगळ्यांबरोबर खाली उतरला. मी जिन्यापर्यंत गेलो, पण लिफ्टचं दार बंद होत होतं.

मुलीने फोन माझ्या हातात देत विचारलं, “बाबा, व्हाय डिड दे स्टॉप?” मी म्हणालो, असंच. बायको ताटं गोळा करत होती. ती म्हणाली, “तुम्ही देवाला सांगत होता की आम्हाला ऐकवत होता?” तिने ते रागाने विचारलं नाही, तिला खरंच कळलं नव्हतं. मी व्हिडिओ पुसून टाकला.

देवगडच्या गृहस्थाचा रविवारी फोन आला. बिचारा माझ्यापेक्षा जास्त अवघडलेला होता. “माका आयकूचाच नव्हता ता,” तो म्हणाला. “पण आता आयकलंय. उद्या बस खंय घातल्यान तर माझ्या मानेर बसतला. तुमीच सांगा, मी काय करू?” त्याने दादाला डोळ्यांच्या तपासणीला पाठवलं. दोन आठवड्यांत दादाची गाडी काढून घेतली आणि महिन्याभरात व्हिसा कॅन्सल झाला.

त्या दिवसांत मी स्वतःला समजावत होतो की एका परीने बरंच झालं. चाळीस माणसांचा जीव वाचला असेल. बायकोलाही तसं म्हणालो. ते खरं असेलही. पण उभं राहून ते वाक्य म्हणताना माझ्या डोक्यात त्या चाळीस माणसांपैकी एकही नव्हता. माझ्या डोक्यात होता तो व्हिडिओ. दादाची बस थांबवायला हवी, असं मला त्या गोदामातच वाटलं असतं तर मी तिथेच त्याच्याशी भांडलो असतो. मी तर पेन काढलं होतं.

तो जायच्या दिवशी मी नईमला गेलो. खोली तीच, माणसं निम्मी बदललेली. दादा बॅग बांधत होता. मला बघून म्हणाला, “इलंस? ह्या जरा वजन करून बघ, माका काट्यावरचा दिसणा नाय.” मी हातकाट्याला बॅग लटकवली आणि आकडा वाचून सांगितला. त्याने दोन साबणांचे गठ्ठे बाहेर काढले. मी पुन्हा वाचून सांगितलं. पाऊण तासात आम्ही एवढंच बोललो. मी म्हणालो, “दादा, माझा चुकला.” तो चेन ओढत होता. “बरा आसा,” म्हणाला, म्हणजे बॅगेचं वजन की माझं म्हणणं, ते त्याने सांगितलं नाही. त्याने मला शिवी घातली असती, एक कानाखाली दिली असती, तर मी त्याच्या पाया पडलो असतो. तशी संधीच त्याने मला दिली नाही.

त्यानंतर मला कोणी वाळीत वगैरे टाकलं नाही. आमची माणसं तशी नाहीत. भजनाच्या ग्रुपवर मी अजूनही आहे. कोणाकडे बारसं असलं की बोलावणं येतं, बाजूला सरकून जागा देतात, ताटात माशाचा चांगला तुकडा वाढतात. फक्त मला कोणी जिन्यावर बोलावत नाही. गाऱ्हाणं आता एक शिंपी घालतात. साधं, जुन्या पद्धतीचं, दर शुक्रवारी तेच ते. सगळे मनापासून ‘व्हय’ म्हणतात. मीही म्हणतो. एकदा भजनाआधी दोघं कूलरपाशी बोलत उभे होते. मी जिना चढत वर आलो तशी त्यांनी बोलणं थांबवून मला हवापाण्याचं विचारलं. ऊन खूप आहे म्हणालो. जुलैमध्ये बहारीनला दुसरं काय असणार?

हळूहळू माझं शुक्रवारी जाणंच कमी झालं. ज्या वेळेसाठी मी वर्षानुवर्षं कुढत होतो तो आता ढिगाने मिळाला. मुलगी मोठी झाली, पोहायला मैत्रिणींबरोबर जाते. बायकोने शुक्रवारचीही ड्यूटी घेतली. सकाळी नऊ ते एक घरात मी एकटा. टेबल रिकामं, कागद कोरे, आणि लिहायला काही सुचेना. गोदामात येणारी माणसं स्लिप घेऊन जातात. पूर्वी मी माणसांच्या गोष्टी नको नको म्हणेपर्यंत ऐकायचो, आता मला माझ्या फ्लॅटमधल्या नळाबद्दलही लिहावंसं वाटलं. एकटेपणावर मी तीन पानं लिहून पाहिली. वाचली, तर त्यात नुसतं फर्निचर होतं.

शेवटी मी दादावरच लिहिलं. सात महिने लागले. बस, राउंडअबाउट, संध्याकाळचा धुरकट उजेड, गावाकडच्या मुलीचं लग्न. माझ्या आजवरच्या लिहिण्यात ती सर्वांत चांगली कथा झाली, हे मी लाजत का होईना पण म्हणतो. एका अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवून कळवलं, घेतोय. मला आनंद झाला आणि सांगायला कोणी नव्हतं. बायकोने ऐकून “अरे वा” म्हटलं आणि दवाखान्यात पळाली. मला खरं म्हणजे एकाच माणसाला सांगायचं होतं. छापून यायच्या आधी ती कथा त्याला ऐकवायची, त्याने म्हणायचं, बरी लिवलंस झिला, आणि मग आम्ही पुन्हा पहिल्यासारखे. इतका साधा हिशेब होता माझा.

दोन वर्षांत मी त्याला चारदा फोन केला होता. प्रत्येक वेळी त्याच्या बायकोने उचलून निरोप घेतला होता. या वेळी, एका शुक्रवारी सकाळी, तो स्वतः बोलला. आवाज बराच खाली गेलेला. मुलीचं लग्न झालं, साधंच केलं. एका डोळ्याने आता उजेड तेवढा कळतो, दुसऱ्याने माणूस समोर आहे एवढं. काजू यंदा बरा धरलाय. दोनेक मिनिटं असं झाल्यावर मी म्हणालो, “दादा, तुमच्यावर एक गोष्ट लिवलंय. छापून येतली. वाचून दाखवू?”

पलीकडे त्याने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, “वाच.”

मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला आणि वाचायला लागलो. सावकाश वाचलं. बसचं वर्णन आलं तेव्हा पलीकडे त्याने घसा खाकरला, राउंडअबाउटच्या ठिकाणी एकदा “हूं” म्हणाला. त्या हुंकाराने मला असा जोर आला की पुढची पानं मी मान वर न करता वाचून काढली. अठरा मिनिटांनी संपलं. मी म्हणालो, “कशी वाटली, दादा?”

फोनचा पडदा काळा होता. उघडून बघितलं, कॉल कधीच संपला होता. अकरा मिनिटं आणि काही सेकंद, असं दाखवत होतं. उरलेला सगळा वेळ मी टेबलाला वाचून दाखवत होतो. लगेच पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. मग व्हॉइस मेसेज टाकला, की दादा, नेट गेलं वाटतं. तो मेसेज त्यांच्या घरात कोणीतरी ऐकला, एवढं निळ्या खुणेवरून दिसलं.

बायको दुपारी आली तेव्हा म्हणाली, “गावाकडचं नेट, गेलं असेल. त्यात एवढं काय?” तिचं म्हणणं मला पटवून घ्यायचं होतं. जेवलो. ती चारला पुन्हा ड्यूटीवर गेली. मग मी कथेची पानं काढली, फोनवर घड्याळ लावलं आणि सकाळी वाचली होती त्याच गतीने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अकरा मिनिटांतून बोलण्याची दोन वजा केली तर नऊ. नवव्या मिनिटाला मी कुठे असतो, ते मला बघायचं होतं. माझा आवाज ऐकून मुलगी दारात आली. “हू आर यू टॉकिंग टू?” मी म्हणालो, कोणाशी नाही. ती दार ओढून घेऊन गेली. मी पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं, कारण मध्ये थांबल्याने वेळ चुकली होती.

नऊ मिनिटं झाली तेव्हा मी पाचव्या पानावर होतो. थोडं इकडे-तिकडे धरलं तरी तेच पान. त्या पानावर एकच घटना आहे. ड्रायव्हरचे डोळे गेलेत हे कंपनीला कसं कळतं, ती. त्या कथेत सनदचा फ्लॅट नाही. भजन नाही, गाऱ्हाणं नाही. त्या कथेत मी कुठेच नाही. खर्डे करताना मी ते सगळं काढून टाकलं होतं, कथा आटोपशीर होते म्हणून, आणि मला ते पटलंही होतं. दादा नऊ मिनिटं ऐकत राहिला होता. बसचं ऐकलं, राउंडअबाउटचं ऐकलं, मी पुढे काय सांगतो त्याची वाट बघत राहिला होता. मग मी त्याला वाचून दाखवलं: ‘वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरच्या लक्षात आलं.’

डॉक्टरच्या काहीही लक्षात आलं नव्हतं. मी सांगितलं होतं.